ॲपनं ग्राउंड मोजलं, वावर मोजलंच नाही

यावेळचं पत्र दारव्हा तालुक्यातल्या एका पोरीचं आहे, नाव देत नाही. पत्र मोठं होतं, कामाचं तेवढं ठेवलं:

"ताई, वय २२, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ५२ होतं, आता साडेपन्नास. पोलीस भरतीची तयारी करून रायली. आठवड्यात चार दिवस सकाळी ग्राउंड, मग अभ्यासिका. पण सध्या कापूस निघून रायला आन वेचायले बाया भेटत नाही, म्हणून आईसोबत चार दिवस वावरात जा लागते, त्यातल्या दोन दिवशी तं सकाळी ग्राउंड करून मग वेचायले. एका ॲपनं रोजच्या १७०० कॅलरी सांगतल्या, दुसऱ्यानं २१४०. मैत्रीण म्हणे हलकी झाली की ८०० मीटरचा टाइम सुधरते, म्हणून मी कमीवाला आकडा घेतला आन त्यातूनही कमी करून १४०० वर आली. तीन आठवड्यात दीड किलो उतरलं पण टाइम ३ मिनिट ५ सेकंदावरून ३:१५ वर गेला. अभ्यासिकेत बसली की झोप येते. शेवटची पाळी येऊन पावणेदोन महिने झाले. आई म्हणते 'खात नाही तं पळतं काहून?' रोज मेहनत कमीजास्त असली तं कॅलरी नेमकी काढायची कशी?"

पोरी, पहिले एक काम सांगते मग हिशोबाला बसू. पाळी पावणेदोन महिने नाही ना, तं या आठवड्यात ग्रामीण रुग्णालयात नाही तं पीएचसीत जाऊन ये, डॉक्टरला पाळीचं सांग, वजन उतरलं तेही सांग, आणि हिमोग्लोबिन तपासून घे. पाळी पुढं जायची कारणं बरीच असतात, थायरॉइड असते, पीसीओडी असते, म्हणून मी इथून लिहून "जेवण कमी म्हणूनच झालं" असं ठासून सांगणार नाही. पण तुझं पत्र वाचून माझा पहिला संशय तिथंच जातो आणि का जातो ते खाली आकड्यातच दिसेल तुला. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असलं तं त्याला ॲनिमिया म्हणतात, आणि रक्त कमी असलं तं कितीही खाल्लं तरी ८०० मीटरला दम पुरत नाही, म्हणून ते माहीत असणं आपल्या हिशोबालाही लागते.

आता ते दोन ॲप. तुला वाटलं एक खरं एक खोटं, तसं काही नाही, दोघांनी बहुतेक एकच सूत्र वापरलं. मिफ्लिन-सेंट जिओर म्हणून १९९० चं सूत्र आहे, बहुतेक ॲपच्या पोटात तेच असते. बाईसाठी ते असं चालते, वजन गुणिले १०, त्यात उंची सेंटिमीटरमध्ये गुणिले सव्वासहा मिळवायची, त्यातून वय गुणिले ५ वजा करायचं आणि शेवटी अजून १६१ वजा. (पुरुष असला तं १६१ वजा करण्याऐवजी ५ मिळवतात, तुझ्या भावाला लागलं तं.) तुझं ५२ किलोच धरते कारण आपल्याला परत तिथंच जायचं आहे. ५२० अधिक ९८७ वजा ११० वजा १६१, आले १२३६, आपण १२४० म्हणू. दिवसभर खाटेवर नुसती पडून राहिलीस, हात नाही हलवला, तरी श्वास घ्यायला, रक्त फिरवायला, अंग गरम ठेवायला एवढ्या लागतातच, यालाच बीएमआर म्हणतात. माणसामाणसात हा आकडा दहा टक्के इकडंतिकडं होऊ शकते, हे आत्ताच डोक्यात ठेव, कारण ज्या आकड्याची सुरुवातच अशी ढिली आहे त्याच्यापुढं दशांशापर्यंत जाण्यात काही मतलब नाही.

मग ॲप विचारते तुम्ही किती व्यायाम करता, आणि तू जे बटन दाबते त्याप्रमाणे १२४० ला गुणते. हलका व्यायाम म्हटलं की १.३७५, मध्यम म्हटलं की १.५५, जोरदार म्हटलं की १.७२५. आता गुणून पाहा, १२४० गुणिले १.३७५ म्हणजे १७०५, आणि १.७२५ नं २१३९. आले ना तुझे दोन्ही आकडे? तू एका ठिकाणी 'हलका' दाबलं आणि दुसऱ्या ठिकाणी 'जोरदार', भांडण ॲपांचं नाही, बटनाचं आहे.

आणि बटन दाबताना तुझी चूक झाली असंही मी म्हणत नाही, कारण प्रश्नच धड नाही तो. "आठवड्यात किती दिवस व्यायाम करता" हे ज्यानं बनवलं त्याच्या डोळ्यापुढं ऑफिसात बसणारा माणूस आहे, ज्याच्या दिवसात जीम सोडून अंगमेहनत अशी काही नसतेच. तुझ्या दिवसात ग्राउंड हा छोटा खर्च आहे, मोठा खर्च वावरात आहे, आणि तो कोणी विचारलाच नाही. कापूस वेचणं हा व्यायाम आहे असं आपल्याकडंही कोणी म्हणत नाही बरं का. काम आहे ते. पोट्टं ग्राउंडवर दोन चक्कर मारून आलं तं त्याला अंडी उकडून देतात, आणि दिवसभर ओटी बांधून वाकणाऱ्या बाईच्या शिदोरीत दोन भाकरी आणि ठेचा. यावर मी एक अख्खं सदर लिहू शकते पण आज नको.

तं मग दिवस कसा मोजायचा? व्यायामाचे दिवस मोजू नको, २४ तास मोज. जगभरच्या सरकारी तक्त्यांत हीच रीत वापरतात, प्रत्येक कामाला बीएमआरच्या किती पट लागते ते बघायचं. तुझे १२४० भागिले २४ केले तं तासाला ५२ येतात, हा तुझा एक तासाचा भाव. झोप म्हणजे एक पट. बसून अभ्यास म्हणजे साधारण १.४ पट. जेवण, आंघोळ, मोबाइल, जाणंयेणं हे दीड पट. सैपाक, झाडझूड, धुणंभांडी मिळून सव्वादोन-अडीच, आपण २.३ धरू. भरभर चालणं साडेतीन. पळणं आठ, आणि ग्राउंडवरचं बाकी सगळं, वॉर्मअप, स्ट्रेचिंग, गोळाफेक, मधलं चालणं, ते साडेतीनच्या आसपास. कापूस वेचणं मी ३ धरते. कोणी म्हणेल जास्त आहे, कोणी म्हणेल कमी, पण वाकून सरकत राहायचं, दोन्ही हात चालू, कमरेला भरत जाणारी ओटी, तं तीन काही फुगवलेलं नाही.

आता तुझे चार जातीचे दिवस बघ. सुटीचा दिवस, म्हणजे ग्राउंड नाही वावर नाही: झोप ८ तास, अभ्यास ९, घरकाम ३, बाकी ४. पटींची बेरीज साडेतेहतीस, गुणिले ५२, झाले १७४० च्या जवळ. ग्राउंड अधिक अभ्यासिका असा दिवस: झोप ८, ग्राउंडवर दीड तास (त्यात खरं पळणं अर्धाच तास असते, खोटं नको बोलू), अभ्यास ८, घरकाम अडीच, बाकी ४, हे आले २००० च्या आसपास. म्हणजे सुटीच्या दिवसापेक्षा फक्त २६० जास्त, एका भाकरीएवढं! पळण्याचा ठोकताळाही तेच सांगते, किलोला किलोमीटरमागे साधारण एक कॅलरी, ५२ किलोची पोरगी ५ किलोमीटर पळाली तं २६०, आणि त्यातल्या थोड्या तं ती नुसती बसून राहिली असती तरी लागल्याच असत्या.

आणि आता वेचणीचा दिवस. झोप ८, वेचणी ७ तास, वावरात भरभर पायी जाणंयेणं एक तास (ते साडेतीन पटीचं), घरकाम ३, बाकी ५. बेरीज ४६.९, गुणिले ५२, झाले २४४० च्या जवळपास. बाप्पा! ग्राउंडच्या दिवसापेक्षा ४४० जास्त. तुझा मोबाइल तेव्हा धुऱ्यावरच्या पिशवीत डब्यासोबत पडून असते, त्यानं वेचणीच्या सात तासांत एकही पाऊल मोजलं नसेल, ॲप म्हणाली असेल या वेळात तुम्ही काहीच हालचाल केली नाही. मोबाइल सोबत ठेवला असता तरी फरक नव्हता पडत, कारण कापसाच्या तासात पावलं थोडी आणि वाकणं जास्त, आणि वाकण्याचं पाऊल होत नाही. चौथा दिवस, सकाळी ग्राउंड आणि मग वेचायला, झोप एक तास कमी, तो जाते २७४० पर्यंत.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० मध्ये जे तक्ते काढले त्यात ५५ किलोच्या बाईला बैठं काम असलं तं १६६०, मध्यम काम २१३०, जड काम २७२० कॅलरी दिल्या आहेत. तू एकाच आठवड्यात या तिन्ही खान्यांत फिरून येते, म्हणून तुला कोणतंच एक बटन बसत नाही.

एवढं झालं की मग आठवडा जोड. दोन दिवस २७४०, दोन दिवस २४४०, दोन दिवस २०००, एक दिवस १७४०. बेरीज १६१००, भागिले सात, २३००. हा तुझा सध्याचा आकडा, रोजचा नाही, आठवड्याची सरासरी. आणि गंमत बघ, कापूस संपला आणि तू आठवड्यात पाच दिवस ग्राउंड, दोन दिवस सुटी अशी राहिलीस तं सरासरी येते १९२५, म्हणजे ॲपमधलं 'मध्यम' बटन, १.५५ वालं, जे तू दोन्हीकडं दाबलंच नाही, ते तेव्हा तुला बरोब्बर बसेल. सूत्र वाईट नाही, फक्त कापसाचा सीझन त्याला माहीत नाही.

अजून एक भानगड बरेच जण करतात ती इथंच सांगून टाकते. 'मध्यम' वगैरे बटन दाबून आकडा घ्यायचा आणि वरून घड्याळ म्हणते आज पळून ३५० जाळल्या म्हणून त्याही मिळवायच्या. पळणं दोनदा मोजलं ना मग! एक तं बैठ्या माणसाचा आकडा घे, १.२ नाही तं १.४ वाला, आणि त्यावर कामाचं मिळव, किंवा सरासरीचा आकडा घे आणि वर काही मिळवू नको. मनगटावरच्या घड्याळाचे कॅलरीचे आकडे तसेही फार ढिले असतात, नाडी ठीक मोजतात पण कॅलरीत गडबडतात.

बरं, आता तुझे १४००. लागतात २३००, खाते १४००, म्हणजे रोज ९०० ची तूट, तीन आठवड्यांची झाली १८९००. अंगातली एक किलो चरबी म्हणजे ७७०० कॅलरी धरतात, त्या हिशोबानं तुझं जवळपास अडीच किलो उतरायला पाहिजे होतं. उतरलं दीड. मग राहिलेलं एक किलो कुठं गेलं?

माझ्या मते दोन ठिकाणी. एक, तू १४०० खात नाहीस, जास्त खाते, आणि ते तेलात आहे. भाकर मोजली, वरण मोजलं, पण भाजीवरचा तवंग कोण मोजते? मोठा चमचाभर तेल म्हणजे सव्वाशे कॅलरी. आणि आपल्याकडची भाजी म्हणजे तर्री दिसल्याशिवाय भाजी वाटत नाही कोणाला. चमचे मोजत बसायचं नसलं तं सोपी रीत आहे, महिन्याला घरात तेल किती लागते ते आईला विचार आणि त्याला माणसांनी भाग. चार माणसं आणि ५ लिटर धरलं तं माणशी रोजचं ३८ ग्रॅम तेल होते, ग्रॅमला ९ कॅलरी, झाल्या ३४०. सकाळसंध्याकाळचा चहा, येताजाता तोंडात टाकलेले शेंगदाणे हे वेगळंच. तेल बंद कर म्हणत नाही मी, उलट तुला सध्या लागतेच, पण ते वहीत पाहिजे.

दुसरं ठिकाण जास्त काळजीचं. अंगाला सारखं कमी मिळालं की अंग काटकसर करते. हर्मन पाँट्झर नावाच्या शास्त्रज्ञानं टांझानियातल्या हाद्झा लोकांचा खर्च मोजला होता, २०१२ मध्ये ते छापून आलं. हे लोक शिकार आणि कंदमुळांवर जगणारे, रोज मैलोनमैल चालणारे, तरी अंगाच्या मापाच्या हिशोबात त्यांचा दिवसाचा एकूण खर्च अमेरिकेतल्या बसून खाणाऱ्या माणसाएवढाच निघाला. म्हणजे मेहनत वाढली की सगळीच्या सगळी वर चढत नाही, शरीर दुसरीकडून थोडं कापते. म्हणून माझे २७४० हेही जरा वरचेच असू शकतात, ते मी आत्ताच मान्य करते, आणि त्यासाठीच पुढं वजनकाटा लागणार आहे. पण बाईच्या अंगात ही कपात पहिले कुठं होते माहीत आहे का? पाळीवर. मूल वाढवण्याचं काम सध्या परवडत नाही असं अंग ठरवते आणि ते खातं बंद करते. मग थंडी जास्त वाजणं, झोप, चिडचिड, लागलं तं लवकर बरं न होणं. खेळाडू पोरींसाठी डॉक्टर लोक एक हिशोब करतात, खाल्लेल्यातून व्यायामाचा खर्च वजा करायचा आणि उरलेलं चरबी सोडून जे वजन आहे त्यानं भागायचं, ४५ च्या आसपास पाहिजे, ३० च्या खाली गेलं की धोका. तुझं चरबी सोडून वजन ३९ किलो धरते. तू खरोखर १७५० खात असशील असं धरलं तरी ग्राउंड अधिक वावराच्या दिवशी बसून राहण्यापेक्षा ८६० जास्त लागतात, उरले ८९०, भागिले ३९, आले २३. माझा संशय तिथं का गेला ते समजलं ना आता.

आणि मैत्रिणीचं म्हणणं. वजन जास्त असलेल्याचं वजन उतरलं तं टाइम सुधरते हे खरं आहे, पण तुझी १५८ उंची आणि ५२ वजन म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २०.८. आपल्या लोकांत २३ च्या पुढं जास्त वजन धरतात. उतरवायला तुझ्याजवळ होतंच काय माय? जे उतरलं त्यात चरबी थोडी, पायातला मसल थोडा, आणि मसलमध्ये साठवलेली साखर आणि तिच्यासोबतचं पाणी. ८०० मीटर त्याच साखरेवर पळतात. ती नसली की शेवटच्या दोनशे मीटरला पाय जड होतात, तुझे दहा सेकंद तिथंच गेले असतील.

आता ताटावर येऊ. रोज सकाळी उठून आज २७४० की २०००, असा पाढा म्हणायची गरज नाही. वेचाईचे किलो रोज वहीत लिहितात पण पैसे बाजाराच्या दिवशी एकदम देतात, अंगाचंही तसंच आहे, रात्री बाराच्या ठोक्याला ते खातं बंद करत नाही. म्हणून एक कायमचं ताट ठरव १९०० चं, सुटी असो की काही असो. त्यावर ज्या दिवशी ग्राउंड त्या दिवशी २०० मिळव, ज्या दिवशी वावर त्या दिवशी ५०० मिळव, दोन्ही असलं तं दोन्ही मिळव. झालं. आठवड्याची बेरीज करून बघ, बरोब्बर १६१०० येते, मी जुळवूनच सांगतली आहे.

१९०० चं ताट म्हणजे काय तं ज्वारीच्या चार भाकरी, दोन वेळा मिळून. एक भाकर मी ७० ग्रॅम पिठाची धरते, २४० कॅलरी. किराणा दुकानाच्या काट्यावर एकदा ७० ग्रॅम पीठ मोजून आण आणि घरच्या वाटीवर कुठपर्यंत येते त्याची खूण कर, रोज तोलायची कटकट नको. पोळी असली तरी ७० ग्रॅम कणकेला तेवढंच, भात असला तं कच्चे तांदूळ ७० ग्रॅम. तुरीचं घट्ट वरण दोन वाट्या, म्हणजे कच्ची डाळ ६० ग्रॅम, २००. नुसतं पिवळं पाणी नाही, डाळ दिसली पाहिजे. भाजी दोन्ही वेळा, तेल आहे तेवढंच ३८ ग्रॅम. एक वाटी दही नाही तं दूध, दोन चहा, आणि सोयाबीन वडी सुकी २५ ग्रॅम. आपल्या वावरात सोयाबीन पिकते आणि आपल्याच ताटात नसते, विकून टाकतो सगळं. त्या वडीत निम्मं प्रोटीन असते, २५ ग्रॅममधून १२-१३ ग्रॅम येते. सगळं धरून ६५ ग्रॅमच्या जवळ प्रोटीन होते, तुझ्या वजनाला आणि ट्रेनिंगला पुरते. घरी अंडी चालत असतील तं वडीच्या ऐवजी दोन अंडी, तेवढंच येते.

ग्राउंडचे २०० म्हणजे पळायच्या अर्धापाऊण तास पहिले एक केळ आणि पळून आल्यावर पेलाभर दूध. उपाशीपोटी पळायचं बंद कर, कोणीही सांगो. वावराचे ५०० म्हणजे शिदोरीत एक भाकर जास्तीची, जवसाची चटणी लावून, आणि दुपारनंतर एक मूठ भाजलेले शेंगदाणे आणि सुपारीएवढा नाही तं त्याच्या दुप्पट गुळाचा खडा. ३० ग्रॅम शेंगदाणे आणि २० ग्रॅम गूळ मिळून २४० होतात. हे वावरातच खायचं, घरी येऊन नाही, कारण दिवसभराच्या वेचणीनंतर बऱ्याच बायांची भूक मरते, घरी आलं की चहा आणि लवंडणं. भूक दुसऱ्या दिवशी उगवते, ती पण सुटीच्या दिवशी, आणि मग पोरीला वाटते आज काही काम नाही तरी एवढं खाऊन रायली मी. खा. कालचं आहे ते. सुटीच्या दिवशी तुझं १९०० चं ताट १७४० पेक्षा जास्तच ठेवलं आहे मी, त्याचं कारण हेच.

आणि सोबत आईच्याही शिदोरीत ती जास्तीची भाकर टाक. ती तुझ्याएवढंच वेचते, वरून घरी येऊन चूल तिलाच आहे.

आता काटा. माझे सगळे आकडे अंदाज आहेत, खरा आकडा तुझं वजन सांगेल. अंगणवाडीत मोठ्या माणसांचा काटा असते, तिथल्या ताईला विचारून आठवड्यात तीन सकाळी वजन कर, संडास करून, काही खाल्ल्यापिल्ल्याच्या पहिले, त्याच कपड्यात. कापूस तोलायच्या काट्याला लटकू नको, मागं एकीनं लिहिलं होतं म्हणून सांगते. तीन वजनांची सरासरी काढ आणि या आठवड्याची सरासरी मागच्या आठवड्याच्या सरासरीशी लाव, एका दिवसाचं वजन दुसऱ्या दिवशी लावायचं नाही. पहिल्या आठवड्यात अर्धा-एक किलो एकदम चढेल. भिऊ नको आणि जेवण कापू तं नकोच, ती मसलमधली साखर आणि पाणी परत येते, एक ग्रॅम साखरेसोबत तीनेक ग्रॅम पाणी. पाळीच्या पहिले चार दिवसही पाण्यानं वजन चढते. तो आठवडा सोडून पुढचे तीन बघ. ५२ च्या आसपास जाऊन वजन थांबलं तं २३०० हा तुझा खरा आकडा निघाला. उतरतच राहिलं तं कायमच्या ताटात २०० वाढव, एक भाकर नाही म्हणत मी, अर्धी भाकर आणि दही. आठवड्याला अर्धा किलोनं चढतच राहिलं तं दीडशे कमी कर, तेही तेलातून, भाकरीतून नाही. वजनासोबत ८०० चा टाइम, झोप आणि पाळीची तारीख त्याच पानावर लिही. वजन स्थिर पण टाइम पडून रायला आणि पाळी नाही, असं असलं तं वजनाचं ऐकायचं नाही, वाढवायचं.

कापूस उलंगला, वावर रिकामं झालं, की वावराचे ५०० आपोआप बंद, आणि कायमचं ताट १८०० वर आण, ग्राउंडचे २०० तसेच. एकदम नको करू, वेचणी संपल्यावर आठवडाभर भूक जुन्याच सवयीची असते, तिला थोडा वेळ दे. पुढं निंदणाचे दिवस आले, नाही तं सोयाबीन सोंगायला गेलीस, की २४ तासांची बेरीज परत कर, दहा मिनिटांचं काम आहे. वेचणीच्या जागी निंदण टाकायचं, पट तीनच धरलीस तरी चालते. सोंगणी त्याहून जड, तिथं चार धर.

ग्राउंड मात्र पुढचे दोन आठवडे हलकं ठेव, वेचणीच्या दिवशीचं पळणं बंद, म्हणजे चाराचे दोनच दिवस राहतील, जेवण मात्र कमी करायचं नाही. भरतीची तारीख डोक्यावर असेल तरी. हिमोग्लोबिन कमी निघालं तं डॉक्टर लोहाच्या गोळ्या देतील, त्या चहासोबत घ्यायच्या नाही, चहाच्या आगंमागं तासभर सोडून, आणि सोबत लिंबू नाही तं संत्रं. रिपोर्ट आला की आकडा कळव आणि तीन आठवड्यांची ती वही पण पाठव, मग २३०० वर ठेवायचं की हलवायचं ते बघू.